बोनेटवरचा नवरदेव

पत्र्याचा आवाज झाला तेव्हा ताशेवाल्यांना वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी काडी चुकवली. त्यांच्या म्होरक्यानं शेजारच्याकडं डोळे वटारून बघितलं आणि पुन्हा जोरात सुरुवात केली.

मला मात्र तो आवाज नीट कळला. गोड्या तेलाचा रिकामा डबा अंगठ्यानं दाबला की होतो ना, तसा. माझा होणारा जावई रणजित शाळेच्या पटांगणात, माझ्या भावाच्या कोऱ्या गाडीच्या बोनेटवर नुकताच टेकला होता. गडी तालमीतला. लग्न ठरल्यापासून तालीम सुटली होती, पण खुराक चालू होता. तो जरा दचकला, इकडंतिकडं बघितलं आणि फेटा सावरून बसला. मग त्याच्या दोन्ही अंगांना दोन करवल्या चढल्या आणि तसाच आवाज पुन्हा दोनदा झाला. स्टिअरिंगवर माझे मालक होते. त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "चला, मारुतीला उशीर होतोय," आणि गाडी हलली.

आमच्या बोरजाईवाडीत नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जात नाही, बोनेटवरून जातो. त्याला कारण आमचेच मालक. त्यांची वडापची जीप होती, पाटणपासून वाडीपर्यंत माणसं भरभरून आणायची. एका लग्नात भाड्यानं आणलेला घोडा घाटातच बसला तो उठेना. मुहूर्त जवळ आलेला. तेव्हा मालकांनी नवरदेवाला उचलून जीपच्या बोनेटवर ठेवला आणि वाजतगाजत देवळापर्यंत नेला. गावाला ते एवढं आवडलं की पुढं ज्याच्या घरी घोडा परवडत होता तोही म्हणायचा, रंगराव, जीप काढा. त्या जीपचा पत्रा म्हणजे भाकरीचा तवा. एकदा बैलानं तिला शिंग मारलं, तर बैलच दिवसभर मान वाकडी करून फिरत होता. नवरदेव, करवल्या, कलश घेतलेली पोर, कधी हौसेनं चढलेली आजीसुद्धा, सगळी त्या बोनेटवर मावायची.

पण आमच्या धाकटीच्या, ऊर्मिलाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती जीप कायमची थांबली. म्हणून सर्जेरावची गाडी.

सर्जेराव माझा पाठचा भाऊ. कराडला त्याचं सिमेंटचं मोठं दुकान. आमचे वडील, आबा, रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. त्यांच्या जीपवर रंगराव ड्रायव्हर होते. मी त्या ड्रायव्हरबरोबर पहाटेच्या एसटीनं निघून गेले आणि आमच्या घराचं दार मला बंद झालं. आबा गेल्यावर, आई गेल्यावरही सर्जेराव आला नाही. थोरलीच्या लग्नात मामा म्हणून चुलतभावाला उभा केला. मधलीच्या वेळीही तेच. धाकटीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी स्वतः कराडला गेले. त्यानं पत्रिका वाचली, घडी घातली, "बघतो," एवढंच म्हणाला. आणि लग्नादिवशी सकाळी दारात ही एवढी उंच, लाल, मोठ्या चाकांची गाडी येऊन उभी राहिली. आतून माझा भाऊ उतरला. केस पांढरे झालेले, चाल मात्र तीच, आबांची.

मी ओवाळलं. त्यानं वाकून नमस्कार केला. पण माझे मालक पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आले, तर त्यानं हात पुढं केला नाही, तो तांब्या मी दिला तेव्हाच घेतला. मालकांशी शब्द बोलला नाही. काही विचारायचं असलं तर मला विचारायचा, "आक्के, इथली माणसं मांडव कुठनं आणतात?" इथली माणसं म्हणजे माझे मालक, जे हाताच्या अंतरावर उभे होते.

त्याच्या रागाची ख्याती मला पाव्हण्यांकडून कळलेली होती. एका लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, तर हा पानावरून उठून गाडीत बसला आणि गेला. त्यामुळं सकाळपासून माझा जीव त्या लाल गाडीत अडकलेला. गाडी दारात आहे तोवर भाऊ दारात आहे. ऊर्मिलाही खोलीतून दर थोड्या वेळानं विचारत होती, "आई, मामा आहे ना अजून?"

नवरदेवाचं निघायची वेळ झाली तेव्हा गावातली चारजणं माझ्याकडं आली. "काकू, पाव्हण्यांची गाडी द्या की. बोनेट चांगलं रुंद हाय."

मालक लगेच म्हणाले, "ज्याची गाडी त्याला विचारा. न विचारता मी न्हाय हात लावणार."

मी सर्जेरावला विचारलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या न्हाणीकडं निघाला होता. क्षणभर थांबला. गाडीकडं बघितलं, मग रणजितकडं. रणजितला बघायला जरा जास्तच वेळ लागला.

"बसव की," तो म्हणाला. "डोंगर चढणारी गाडी आहे, नवरदेवाचं काय ओझं." आणि चावी माझ्या हातात टाकून अंघोळीला गेला.

तर असा रणजित बोनेटवर बसून मारुतीला गेला. करवल्या हसत होत्या, पोरं नाचत होती. गाडी पावलापावलानं चालली होती. देवळापाशी तो खाली उतरला आणि मागं वळून बघितल्यावर त्याच्या तोंडाचा रंग गेला. बोनेटच्या मधोमध परातीएवढा खळगा. दोन्ही बाजूला दोन वाट्या, करवल्यांच्या. लाल रंग असा चकाकत होता की खळगा अजून खोल दिसत होता.

विहीणबाई ताराबाई तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "माझ्या लेकराला पत्र्यावर चढवायचं कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

"लेकराला जरा कमी चारलं असतं तर," त्यांचेच दीर म्हणाले. करवल्या फिसकन हसल्या आणि मग माझं तोंड बघून गप्प झाल्या.

मालक गाडीतून उतरले. त्यांनी खळग्यावरून पंजा फिरवला, बोटानं दाबलं. पत्रा आत गेला आणि बाहेर आला.

"घरामागं नेतो," ते म्हणाले. "वरात नाचत येईपर्यंत काढतो. आपल्या जीपचे असले किती काढलेत."

"आणि तो अंघोळ करून आला तर?"

"तोवर तू त्याला मंडपात बसव. चहा दे. सगळ्यांत आधी दे."

गाडी गोठ्यामागं उभी केली. मी एक कान मंडपाकडं आणि एक डोळा गल्लीकडं ठेवून तिथंच थांबले. नवऱ्या मुलीची आई गोठ्यामागं काय करतेय, हे बघायला दोन बायका येऊन गेल्या. त्यांना मी सांगितलं, बांगड्या शोधतेय.

मालकांची पद्धत ठरलेली होती. बोनेट उचलायचं, खालच्या अंगानं लाकडी धोपाटणं लावायचं, वरून पंजा धरायचा आणि एकच ठोका द्यायचा. जीपचा पत्रा एका ठोक्यात जागेवर यायचा. त्यांनी नवा सदरा काढून खुंटीला लावला, आतल्या अंगानं धोपाटणं धरलं आणि हाणला.

मधला खळगा वर आला. मी मारुतीला हात जोडले. एवढ्यात त्याच्या उजव्या बाजूला नवा खळगा पडला.

"असू दे," मालक म्हणाले, आणि उजवीकडं हाणला. तो वर आला, डावीकडचा खाली गेला. डावीकडं हाणला, तर मधे टेंगूळ आलं. टेंगळावर वरून हाणला, तर त्याची तीन टेंगळं झाली.

खोलीच्या खिडकीतून ऊर्मिलाचा आवाज आला. "आई, कसला आवाज येतोय?"

"मसाला कांडतायत."

"आत्ता? मामा कुठाय? गेला नाही ना?"

"अंघोळ करतोय. तू हलू नकोस, मुंडावळ्या सुटतील."

तेवढ्यात वरात दारात पोचली. मंडपाच्या मागच्या कनातीतून पाणी प्यायच्या निमित्तानं रणजित बाहेर आला. फेटा, शेरवानी, गळ्यात हार. बोनेटकडं बघून त्यानं फेटा मागं सारला.

"बाबा," तो मालकांना म्हणाला, "मी खालच्या अंगानं खांदा लावून रेटू का? तालमीत आम्ही असंच..."

"नको रे बाबा," मालक म्हणाले. "तू आधीच पुष्कळ केलंयस."

"मग मामांना मीच जाऊन सांगतो. बसलो मी, तर सांगणारही मीच."

"तू मंडपात जा," मी म्हणाले. "आज तुझं एकच काम, बोहल्यावर उभं राहायचं. आणि हळू उभा राहा."

तो गेला, पण त्याचं ते बोलणं मला आवडलं. जावई चांगला मिळालाय, हे मला तिथं गोठ्यामागं पक्कं कळलं.

मालकांनी आता आतली लोखंडी पट्टी सोडवायला घेतली. पट्टी सुटली तर पंजा सगळीकडं पोचेल, असा त्यांचा हिशोब. जीपचा जुना हत्यारांचा डबा मी आणून शेजारी ठेवला होता. त्यांनी कमरेत वाकून डोकं पार आत घातलेलं, सगळं अंग घामानं निथळत होतं. मी गल्लीकडं बघायला वळले.

सर्जेराव येत होता. पांढराशुभ्र झब्बा, गुलाबी फेटा, खिशाला अत्तराचा बोळा. तो मंडपाकडं न जाता सरळ गाडीकडंच येत होता. मी मालकांना सावध करायला वळले, पण तोवर उशीर झाला होता.

तो गाडीच्या पुढं येऊन थांबला. उचललेलं बोनेट त्यानं वरून बघितलं, मग खालून बघितलं. आत माझ्या मालकांची पाठ दिसत होती.

"दहाचा पाना दे," मालक आतूनच म्हणाले. त्यांना वाटलं, मीच उभी आहे.

सर्जेरावनं डब्याकडं बघितलं.

"अगं, दहाचा दे की."

माझा भाऊ वाकला. झब्ब्याची बाही मागं सारून डब्यात हात घातला, दहाचा पाना काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"हा न्हाय, वाकडा दे."

त्यानं तो परत घेतला. डबा थोडा खालवर केला आणि वाकडा दिला. मालकांनी एक बोल्ट सोडवला, तो मागं न बघता पुढं केला. सर्जेरावनं तळहात पुढं करून तो झेलला. दुसरा बोल्टही झेलला. आणि मग, कोण जाणे कशानं, मालकांना कळलं. ते डोकं मागं घ्यायला गेले ते बोनेटलाच आपटले. पत्रा पुन्हा तसाच बोलला.

दोघं समोरासमोर उभे राहिले. मालक बनियनवर, कपाळाला काळं लागलेलं. सर्जेराव अत्तरात, हातात काळे बोल्ट.

"किती ठोकलंस?" सर्जेरावनं विचारलं. इतक्या वर्षांत तो माझ्या मालकांशी बोललेला पहिला शब्द हा.

"जेवढं ठोकू नये तेवढं," मालक म्हणाले.

"जीपसारखं ठोकलंस."

"जीपसारखंच ठोकलं."

"हा पत्रा हाय होय जीपचा? कागद हाय रे हा. गाडी घेताना विकणाऱ्यानं मला हात जोडून सांगितलं, साहेब, दगडात घाला, चिखलात घाला, पण बोनेटवर कोपर टेकू नका."

मला राहवलं नाही. "मग बसव की म्हणालास कशाला?"

तो माझ्याकडं वळला. "आक्के, सगळी वाडी समोर उभी. तिथं मी म्हणू होय, की माझी एवढी डोंगराएवढी गाडी माझ्या बहिणीच्या जावयाला उचलत न्हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांगू का, जावई बघितला आणि वाटलं, आता गाडीचं काय खरं न्हाय. म्हणून अंघोळीला गेलो. डोळ्यांसमोर नको."

मालकांच्या तोंडातून हसू फुटलं. ते दाबायला गेले तर खोकला आला. मी घाबरून भावाकडं बघितलं. तो हसत नव्हता, पण ओठांचा कोपरा हलत होता.

"सरक," तो मालकांना म्हणाला. "खालनं तू दाब, वरनं मी धरतो. हातोडा न्हाय. नुसता हात."

त्यानं झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. दोघं वाकले. एक खालून दाबायचा, दुसरा वरून पंजानं पत्रा आवरायचा. "इथं धर." "धरलंय." "आता सोड." मोठं टेंगूळ बसलं. एक खळगा निम्मा वर आला. बाकी जे होतं ते होतंच. मंडपात भटजींनी मंगलाष्टकांचा माइक तपासायला घेतला होता, आणि हे दोघं शाळेतल्या पोरांसारखे त्या पत्र्यात गुंतले होते.

मधेच मालक थांबले. "सर्जा. रागावला न्हाईस?"

"गाडीसाठी?"

"गाडीसाठी न्हाय."

सर्जेराव पंजा तसाच पत्र्यावर ठेवून उभा राहिला. "आबा रागावले ते तू ड्रायव्हर म्हणून. मी त्याच्यासाठी न्हाय रागावलो कधी."

"मग?"

"तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी माळावर तू मला जीप चालवायला दिलीस. पहिल्यांदा माझा तिसरा गिअर पडला. तू म्हणालास, उद्या तुला घाटात नेतो. मी सकाळी उठून, अंघोळ करून जीपमधे जाऊन बसलो. ऊन वर आलं तरी तू येईना. मग आतनं आईचा रडायचा आवाज आला." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "आणि तू आक्के, अंधारातनं चालत गेलीस स्टँडपर्यंत. ओढ्यातनं. मला उठवायचं होतंस. मी सोडलं असतं की तुम्हाला दोघांना. तिसरा गिअर पडत होता माझा."

मला वाटत आलेलं, की माझ्या भावाला आमची लाज वाटते. तेवढं एकच कारण धरून मी इतकी वर्षं बसले होते. त्याला आम्ही मागं सोडलं, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. मी तिथंच गव्हाणीच्या कडेवर टेकले.

बोलले ते मालकच. "तिसऱ्या गिअरवर आबांनी गाठलं असतं आम्हाला."

"कशानं?" सर्जेराव म्हणाला. "जीप तर माझ्याकडं. आबा काय बैलगाडी जुंपून आले असते?"

आधी मालक हसले, मग तो. आबा झोपेतून उठून, मिश्या पिळत, बैलगाडीतून एसटीमागं निघालेत, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मीही हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नथ सांभाळू का पदर सांभाळू, कळेना. आमचं हसू ऐकून कनातीवरून दोन डोकी वर आली आणि खाली गेली.

"दाजी, हात काढा," सर्जेराव म्हणाला. "बोनेट पाडतो."

मालकांनी हात काढला नाही. ते त्याच्याकडं नुसते बघत राहिले.

"दाजी, हात. सापडंल."

मग त्यांनी हात काढला.

बोनेट पाडलं तर ते बसेना. पट्टीचे बोल्ट अजून सर्जेरावच्या खिशात, आणि मधे एक टेंगूळ राहिलेलं. मालकांनी गोठ्यातलं दावं काढलं आणि बोनेट पुढच्या जाळीला बांधून टाकलं. ती लाल, ऐटबाज गाडी दाढदुखीनं गाल बांधून बसलेल्या पाव्हण्यासारखी दिसायला लागली.

"पाठवणीला हीच न्यायची," सर्जेराव म्हणाला. "नवरानवरी मागं बसतील. बोनेटवर कुणी नाही. दाजी, तुम्ही चालवा."

"मी? तुझी गाडी."

"मला घाटात न्यायचं राहिलंय तुमचं."

त्याच वेळी माइकवरून भटजींचा आवाज आला, जरा चिडलेलाच. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. मुलीचे मामा कुठं असतील तिथून यावं. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही."

सर्जेराव धावला. माझा पन्नाशीचा भाऊ फेटा एका हातानं धरून, गोठ्याचं शेण चुकवत धावला. मालक सदऱ्याची बटणं उलटसुलट लावत त्याच्या मागं. मी सगळ्यांच्या मागं. हात धुवा, असं सांगायला हवं होतं, पण ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी मंडपात पोचले तेव्हा अंतरपाट धरलेला होता. त्याच्या अलीकडं ऊर्मिला, पिवळ्या साडीवर पांढरा शेला, मान खाली. तिच्या मागं सर्जेराव, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून ताठ उभा. पलीकडं रणजित, पाय जपून टेकवलेले. मालक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावर काळं तसंच होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या. सर्जेराव मोठ्या, बेसूर आवाजात सावधान म्हणत होता, भटजींच्याही आधी.

विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. "अहो, नवरीच्या शेल्यावर ते काळं काय लागलंय? खांद्यावर, दोन्हीकडं. पाचही बोटं उमटलीत."

"हात आहेत," मी म्हणाले, "तिच्या मामाचे." आणि मूठभर अक्षता जास्तीच्या घेतल्या.